सेलेस्तांने उभी केलेली खिंड

आमच्या पोंसे गावचा रस्ते-कामगार सेलेस्तां बुव्रे याला सायकल येत नव्हती. ही गोष्ट गावात दोघांतिघांनाच ठाऊक होती आणि त्यांतली एक मी, कारण माझ्या कॅफेत दुसऱ्या ग्लासानंतर माणूस काहीही सांगतो. ज्या मुलखात पोरं आधी सायकलवर बसतात आणि मग चालायला शिकतात, तिथे असलं गुपित सांभाळणं सोपं नाही. कोणी म्हणालं, "चल रे, एक फेरी मारून येऊ," की सेलेस्तां फावडं उचलायचा. "सगळेच फिरायला गेले तर रस्ता कोण बघणार?" असं म्हणून कुठलातरी खड्डा बुजवायला निघायचा. खड्डा नसला तर आधी करायचा.

रस्ता मात्र तो बघायचा, हे त्याच्या दुष्मनानेही कबूल करावं. द्राक्षमळ्यांतून वळत वळत वरच्या कड्यापर्यंत जाणारा आमचा रस्ता म्हणजे त्याचं लेकरू. कडेचं गवत कापायचं, हिवाळ्यात मीठ टाकायचं, थंडी सरली की खडी पसरायची, आणि मधेच कोणी मेलं तर त्याची कबर खणायची. उन्हाळ्यात सायकलवाल्यांचे थवे यायचे. आर्ब्वा शहरातून निघायचं, दर गावात एकेका तळघरातली वाइन चाखत पायथ्यापायथ्याने यायचं आणि शेवटी डोंगरात चढायचं, असा त्यांचा बेत. त्यांतले बरेचसे चांगले असतात. पण एकदा पॅरिसचे पाचसहा जण आले. सायकलवरून न उतरता, नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकजण म्हणाला, "ए मामा, आर्ब्वाचा सोपा रस्ता कुठला?"

सेलेस्तांने टोपी काढली. फार अदबीने त्याने त्यांना वरचा रस्ता दाखवला, जो कड्यावर जातो, गायींच्या कुरणात घुसतो आणि तीन चढ दाखवून पुन्हा आमच्याच गावात उतरतो. संध्याकाळी ते सगळे माझ्या दारात येऊन पडले. इतकी तहानलेली माणसं मी त्या उन्हाळ्यात दुसरी पाहिली नाहीत. सेलेस्तांच्या पुढ्यात मी एक ग्लास जास्तीचा ठेवला.

तर असा माणूस, आणि बायको मिळाली सायकलवाली. ओदील आमच्याकडे टपालवाली म्हणून आली तेव्हा पंचविशीची होती. पहिल्याच आठवड्यात चर्चच्या उताराला सेलेस्तांने नुकत्याच पसरलेल्या खडीवर ती सायकलसकट आपटली. गुडघा फुटला, पत्रं गटारात गेली. उठून तिने त्याला जे झाडलं ते ऐकायला चर्चमधले लोक बाहेर आले. पुढच्या वर्षी त्याच चर्चमध्ये त्यांचं लग्न लागलं. खडी पसरून बायको पकडणारा हा पहिलाच, असं गावात अजून म्हणतात.

ओदीलची सायकल टपालापुरती नव्हती. आमच्याकडे सायकलवाल्यांचं एक मंडळ आहे. त्यांचा धर्म एकच, जन्मात शंभर खिंडी पार करायच्या. खिंड म्हणजे नकाशात नाव असलेली, नाहीतर आसपासची माणसं पिढ्यान्‌पिढ्या नावाने ओळखतात अशी. एक खिंड एकदाच मोजायची. सायकल बरोबर हवी. दम तुटला तर खाली उतरून ढकलत नेली तरी मंडळाला चालतं.

ओदीलला चालत नसे. "ढकलत न्यायची तर हातगाडी घ्यावी," असं ती म्हणायची. तिने कधी चढावर पाय टेकला नाही. एकदा धुक्यात ती पाटीच्या पाच हात अलीकडून परत फिरली होती. घरी आल्यावर कळलं तेव्हा ती खिंड तिने मोजलीच नाही. पुढच्या रविवारी पुन्हा जाऊन पूर्ण केली. अशी माणसं शेजारी असली की फार त्रास होतो. माझ्याकडे वाइनचं माप भरताना तिच्यासमोर माझा हात आपोआप नीट व्हायचा.

दर रविवारी ती सायकलवर आणि मागून सेलेस्तां आपल्या खटारा गाडीत. तो पुढे जाऊन माथ्यावर थांबायचा. पाव, मोर्तोचं धुरावलेलं सॉसेज, कोंते चीजचा तुकडा, घरचे अक्रोड आणि एक बाटली मांडून ठेवायचा आणि तिची टोपी वळणावर दिसेपर्यंत एक डुलकी काढायचा. असे डोंगर त्यांनी पालथे घातले. मोजणी नव्याण्णववर आली. शंभरावीसाठी ओदीलने एक मोठी खिंड राखून ठेवली होती, कोल दे सापें, वर देवदारांच्या रानातली. आणि त्याच हिवाळ्यात तिच्या हृदयाची झडप बिघडली.

ऑपरेशन झालं. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, "मादाम बुव्रे, सायकल जरूर चालवा. पण धाप लागली की उतरायचं."

"उतरायचं तर चढायचंच कशाला?" ओदील म्हणाली.

घरी येऊन तिने सायकलची दोन्ही चाकं काढली आणि सांगाडा कोठारात खुंटीला टांगला. भाच्याने फोन केला की मोटर लावलेली सायकल आणून देतो. ती म्हणाली, "आण, आणि बरोबर पाळणाही आण, त्यात झोपते." आसपासच्या सोप्या, बुटक्या खिंडी तिने कधीच मोजून टाकल्या होत्या, एक खिंड दोनदा चालत नाही. उरल्या त्या सगळ्या उंच. मग ती खिडकीशी बसायला लागली.

एका सकाळी सेलेस्तां कॅफेत आला आणि काउंटरला टेकून नुसताच उभा राहिला. पुढ्यातल्या ग्लासला त्याने हात लावला नाही, तेव्हा मला काळजी वाटली.

"रोझेल," तो म्हणाला, "ती भांडत नाही गं."

"मग मेणबत्ती लाव चर्चमध्ये. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा शांतता मिळाली तुला."

"चेष्टा नको. काल मी चिखलाचे बूट घालून थेट स्वयंपाकघरात गेलो. मुद्दाम गेलो. ती म्हणाली, असू दे." त्याने टोपी काउंटरवर आपटली. "असू दे म्हणाली! अशीच बसून राहिली तर पुढच्या हिवाळ्यात मला तिच्यासाठी खणावं लागेल. मला ते जमणार नाही, रोझेल. दुसऱ्या कोणासाठीही खणेन."

मी त्याचा ग्लास त्याच्या हातात दिला. दुसरं काय करणार? त्याने तो रिकामा केला, खिडकीबाहेर बघितलं आणि एकदम म्हणाला, "खिंड लांब आहे म्हणून बाई जात नाही. मग खिंडच इथे आणली तर?"

मी म्हटलं, "हो, आणि येताना आल्प्सही घेऊन ये."

पण डोकं फिरलेल्या माणसाला टोमणा लागत नाही. गावाच्या वर द्राक्षमळा संपतो तिथे एक बुटका उंचवटा आहे. त्याला आम्ही बोस म्हणतो, म्हणजे कुबड. रस्ता त्याच्या डोक्यावरून जातो आणि पलीकडच्या गावात उतरतो. चढ असा की लेओंतीन आजी नव्वदीतही काठी टेकत तिथवर अळंबी शोधायला जाते. सेलेस्तांने ठरवलं की ही खिंड. का, तर सायकलवाले तिथे पोचले की थांबून पाणी पितात.

त्याने जुनी पाटी घासून पांढरी केली आणि काळ्या अक्षरांत लिहिलं, कोल द्यु शव्हाल-ला, थकल्या घोड्याची खिंड. खाली उंचीही घातली. कुठून काढली ते विचारलं तर म्हणाला, "आकडा असला की लोक वाद घालत नाहीत." मग पाटी जुनी दिसावी म्हणून तिला वाइनचा गाळ फासला, शेणाच्या ढिगात पुरली, बाहेर काढून तासली. तरी काहीतरी कमी वाटतच राहिलं. शेवटी द्राक्षमळेवाल्या अल्सीदच्या लक्षात आलं.

"अरे, छर्रे कुठे आहेत?"

बरोबर होतं. आमच्या मुलखात शिकाऱ्यांनी छर्रे मारले नाहीत अशी जुनी पाटी सापडणं अशक्य. रानडुक्कर हुकलं की राग पाटीवर निघतो. अल्सीदने पाटी अक्रोडाच्या झाडाला टेकवली, वीस पावलांवरून बंदूक रोखली आणि पहिल्या बाराला झाडच टिपलं. दुसऱ्या बाराला पाटीवरच्या घोडा या शब्दाला चार भोकं पडली. पहाटे ती उंचवट्यावर रोवली गेली आणि दुपारपर्यंत ती तिथे शंभर वर्षं असावी असं मलाही वाटायला लागलं.

आता मंडळाची मान्यता. मेयरने पत्र धाडलं की आमच्या गावची ही प्राचीन खिंड तुमच्या यादीत राहून गेली आहे. सेलेस्तांने आम्हा सगळ्यांना कॅफेत जमवलं आणि बजावलं, "मंडळाचा माणूस चौकशीला येईल. विचारलं तर एवढंच म्हणायचं, हो, लहानपणापासून हेच नाव ऐकतोय. बस्स. जास्त बोलायचं नाही." पोंसेच्या माणसांना जास्त बोलू नका सांगणं म्हणजे मांजराला दूध राखायला ठेवणं. पण कल्पना सगळ्यांनाच भावली होती. फादर ओरेल सुद्धा म्हणाले, "एका भल्या बाईसाठी आहे. देव थोडा वेळ दुसरीकडे बघेल."

मंडळाला बिचाऱ्यांना काय ठाऊक? त्यांनी रीतीप्रमाणे केलं. दूरवरून माणूस पाठवण्यापेक्षा सगळ्यात जवळच्या सभासदाला कळवलं, की कृपया जागेवर सायकलने जाऊन पाहावे, गावकऱ्यांकडे चौकशी करावी आणि अभिप्राय द्यावा. सगळ्यात जवळची सभासद कोण? मादाम ओदील बुव्रे, मुक्काम पोंसे.

तो लिफाफा घेऊन ती कॅफेत आली तेव्हा मी कपबशा विसळत होते. कित्येक महिन्यांनी आली होती. मागे दारात सेलेस्तां उभा, तोंडाचा रंग पातळ ताकासारखा.

"रोझेल," ती खुर्ची ओढून म्हणाली, "थकल्या घोड्याची खिंड तुला माहीत आहे?"

सेलेस्तांने दारातून हात जोडले. मी म्हटलं, "म्हणजे काय! लहानपणापासून ऐकतेय." इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण तिने नुसतं बघितलं, आणि तिच्या बघण्यापुढे मला बोलावंसं वाटतं. "प्रशियाचा एक अधिकारी होता. त्याचा घोडा तिथे बसला तो उठलाच नाही. माझ्या पणजीने त्याला गाजर दिलं होतं."

"अधिकाऱ्याला?"

"घोड्याला."

"अस्सं," ओदील म्हणाली आणि उठली.

नंतरचे दोन दिवस ती दारोदार फिरली. चालत, हळूहळू, पण फिरली. अल्सीदने सांगितलं की घोडा स्वित्झर्लंडच्या चोरट्या व्यापाऱ्याचा होता आणि पाठीवर घड्याळांची पोती होती. फादर ओरेल म्हणाले, घोडा बिशपचा. बिशप फार जाड होते. लेओंतीन आजीला तर असा हुरूप आला की तिने घोडा आपल्या आजोबांचाच केला. काळा होता, कपाळावर पांढरा ठिपका, नाव सुल्तान. सांगता सांगता म्हातारी रडली. ओदीलने तिला रुमाल दिला.

"एका टेकाडावर चार घोडे थकले," ती मला परत येताना म्हणाली. "आमच्या गावात घोड्यांना काय खायला घालत होते कोण जाणे." चेहऱ्यावर सुरकुतीही हलली नाही. मला वाटलं, संपलं. पण तिच्यासारख्या बाईचं ऐकीव गोष्टींवर भागत नाही. जागा सायकलने जाऊन पाहायची, असा मंडळाचा दंडक होता. त्या संध्याकाळी तिने कोठारातून सांगाडा उतरवला आणि चाकं बसवली. सेलेस्तां मला सांगायला धावत आला, "भांडली! पंप कुठे ठेवलास म्हणून भांडली!" आणि माझ्या काउंटरवर डोकं टेकून लहान मुलासारखा हुंदका दिला. मीही डोळे पुसले. लाज कसली त्यात?

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं गाव आपापल्या कामाला निघालं आणि काय योगायोग, सगळ्यांची कामं उंचवट्याजवळच निघाली. अल्सीद वेलींच्या रांगेत वाकला होता; छाटणीचा हंगाम नव्हता तरी हातात कात्री होती. फादर प्रार्थनेचं पुस्तक घेऊन अक्रोडाखाली. मी आणि सेलेस्तां खटाऱ्यातून डबा घेऊन वर गेलो. खालून तिची टोपी दिसली. अगदी हळू, एकसारखे पाय. वळणावर थोडी डुलली, पण पाय टेकला नाही. वर पोचली तेव्हा गालांवर रंग आला होता. तो रंग बघूनच सेलेस्तां कृतार्थ झाला असता.

तिने पाटी वाचली. छर्ऱ्यांच्या भोकात बोट घातलं. मग रस्त्याच्या डाव्या बाजूला जाऊन खाली पाहिलं, उजवीकडे जाऊन खाली पाहिलं. बाटली काढली आणि उरलेलं पाणी रस्त्याच्या मधोमध ओतलं. पाणी आलेल्या वाटेला गेलं, जायच्या वाटेला गेलं, डावीकडच्या चरात गेलं आणि उजवीकडच्या मळ्यातही गेलं.

"सेलेस्तां," ती म्हणाली, "खिंडीला दोन खांदे लागतात. दोन डोंगर, आणि त्यांच्यामधली खालची जागा म्हणजे खिंड. इथे पाणी चारी बाजूंनी खाली चाललंय." तिने उंचवट्यावर पाय आपटला. "ही खिंड नाही. हे टक्कल आहे."

बेचाळीस वर्षं हा माणूस नव्याण्णव खिंडींवर सॉसेज मांडून बसला होता, पण बसला होता गाडीत, डोळे मिटून. खिंड म्हणजे जिथे बायको पोचते आणि बाटली उघडते, एवढंच त्याला ठाऊक. सगळ्यात वरची जागा ती खिंड, असं आम्हीही धरून चाललो होतो. चढच तेवढा आठवतो ना माणसाला! वेलींमधून अल्सीद खोकला.

"बाहेर ये, अल्सीद," ती न वळता म्हणाली. "फादर, तुम्हीसुद्धा. पुस्तक उलटं धरलंय तुम्ही."

सगळे रस्त्यावर येऊन उभे राहिले, शाळेत पकडल्यासारखे. तिने एकेकाकडे पाहिलं. "सगळ्या गावाने माझ्या तोंडावर खोटं सांगितलं. मी इतकी म्हातारी झाले का, की मला खेळणं आणून द्यावं? नव्याण्णव खऱ्या आहेत माझ्या. त्यांच्या शेजारी हे टक्कल ठेवू?"

नेहमी एका वाक्याला चार जोडणारे आम्ही, पण आता आपापले बूट बघत होतो. एकट्या सेलेस्तांनेच खिंड लढवली. टोपी काढून रस्त्यावर फेकली आणि ओरडला,

"मग उतर ना खाली! सायकलीवरून उतर आणि चाल! तुझ्या मंडळाला चालतं, डॉक्टरला चालतं, मला चालतं, फक्त तुला चालत नाही! पाय टेकला तर काय आभाळ कोसळेल? तू त्या खिडकीशी बसतेस आणि मी मूर्खासारखा चिखल घेऊन घरभर फिरतो, की कधी एकदा तू शिवी देशील. मला भीती वाटते, ओदील. तू बसल्या बसल्या जाशील अशी भीती वाटते. म्हणून मी पाटी लावली. मीच लावली. ह्यांचा काही दोष नाही, फक्त घोडे ह्यांचे आहेत."

"तुला बोलायला काय जातं?" ती म्हणाली. "तू गाडीत बसतोस. दमून पाय टेकायला काय वाटतं ते तुला काय माहीत?"

"मला सायकल येतच नाही!" सेलेस्तां म्हणाला.

फादर ओरेलनी छातीवर क्रूस काढला. ओदीलने नवऱ्याकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. तिने सायकल वळवली आणि उतारावरून एकटीच घरी गेली.

तिने मंडळाला कळवलं की पोंसे इथे खिंड नाही. सेलेस्तांनेच पाटी उपटली. लेओंतीन आजी मात्र सुल्तानसाठी आणखी दोन दिवस रडली. तिला घोडा आता खरा वाटायला लागला होता. घरात नवरा-बायको बोलतात की नाही, कोणी विचारायला गेलं नाही. चिमण्यासुद्धा त्या घरावरून लांबून जात होत्या म्हणा ना.

आणि एका रविवारी, मी नुकती दारं उघडत होते, ओदील आली. सायकलच्या कपड्यांत.

"खटारा चालवशील?" ती म्हणाली. "कोल दे सापेंला जायचंय. सॉसेज आहे."

"सेलेस्तांला काय झालं चालवायला?"

तिने रस्त्याकडे हनुवटी उडवली. बाहेर सेलेस्तां उभा होता. हातात फादरच्या घरकामवालीची सायकल, पुढे टोपली असलेली, जांभळ्या रंगाची. सायकल त्याने शेळीला धरावं तशी धरली होती.

"खिंडीत जायचं तर सायकल बरोबर हवी," तो माझी नजर चुकवत म्हणाला. "बसलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय?"

दोन्ही सायकली खटाऱ्यात कोंबून आम्ही घाटाच्या पायथ्याला गेलो. तिथून मी गाडीने, ते दोघं मागून. ती सायकलवर, तो पायी. ती वळणापर्यंत जायची आणि वळणावर गोल गोल फिरत त्याची वाट बघायची, पाय न टेकता. मी थोडं थोडं पुढे जाऊन थांबत होते. मला काय तेवढं कळत नाही? तिचा रंग उतरला तर गाडी जवळ हवी.

देवदारांचं रान सुरू होतं तिथे चढ एकदम उभा होतो. तिचा वेग माणसाच्या चालीइतका झाला, मग त्याहून कमी. मी आरशात बघत होते. मागून रंगीबेरंगी कपड्यांतली तरणी पोरं येत होती, दहाबारा. मला वाटलं, आता ही बाई जीव देईल पण ह्यांच्यासमोर उतरणार नाही. माझा हात दाराच्या कडीवर गेला.

ओदीलने पाय टेकला.

उतरली, सायकलची मूठ धरली आणि मान खाली घालून उभी राहिली. पोरं बाजूने निघून गेली, एकाने "शाब्बास, मादाम!" म्हटलं. सेलेस्तां धापा टाकत तिच्यापाशी पोचला. जांभळी सायकल तिच्या सायकलीशेजारी लावली आणि दोघं चालायला लागली.

थोड्या वेळाने त्याचा आवाज आला. "हा काय रस्ता आहे? चर बघ, गवताने भरलेत. इथला माणूस काय झोपा काढतो? आणि ही खडी! ही खडी अशी टाकतात?"

"तू खडीबद्दल बोलू नकोस," ओदील म्हणाली. आणि भांडायला लागली. पुढची सगळी वळणं ती दोघं भांडत आली. एवढा सुंदर आवाज मी त्या रानात दुसरा ऐकला नाही.

माथ्यावर मी सॉसेज कापून ठेवलं, बाटली उघडली. दोन्ही बाजूंना डोंगराचे दोन खांदे उभे होते, हे मी या वेळी नीट बघून घेतलं. ती आली, पाटीला हात लावला आणि दगडावर टेकली. छाती वरखाली होत होती, पण गालांवर रंग होता. सेलेस्तांने जांभळी सायकल गवतात सोडून दिली आणि स्वतःही तिच्याशेजारी आडवा झाला.

"शंभर," मी म्हटलं आणि ग्लास भरला. काठोकाठ भरला. त्या दिवशी तिने मापाकडे पाहिलंही नाही.

ओदीलने घोट घेतला आणि नवऱ्याला बुटाने डिवचलं. "ऊठ. तुझी एक झाली. नव्याण्णव राहिल्या."

"माझ्या?" तो एका कोपरावर उठला. "ओदील, मी आता एकाहत्तरचा आहे."

"मला सगळ्यांच्या वाटा पाठ आहेत. येत्या रविवारपासून सुरू करू, सोप्यांपासून."

सेलेस्तांने तिच्याकडे पाहिलं. मग घाबरत, अगदी हलक्या आवाजात विचारलं, "चालत?"

ओदीलने पावावर सॉसेजचा तुकडा ठेवला आणि त्याच्या हातात दिला.

"चालत," ती म्हणाली.